लालात लिंबू

निवडुंगाच्या पानावर पांढरी बुरशी दिसते,
ती बुरशी नव्हे, किडे असतात.
नखानं चिरडला की अंगठा लालभडक.
हे अबुंदिओला तिसऱ्या वर्षी कळलं.
बे आणि दे यांच्यातला फरक
नवव्या वर्षीही कळेना.

पोट उजवीकडे का डावीकडे,
एवढाच तर प्रश्न आहे, इदालिया, मास्तर म्हणतात.
त्यांना काय सांगू,
माझ्या लेकाच्या नावातच दोघं राहतात,
एकाच गल्लीत,
आणि रात्रीतून घरं बदलतात.

मग वाहाका शहरातून दोनिया एर्मेलिंदा येऊ लागल्या,
दर गुरुवारच्या बसनं.
पिशवीत रंगीत पारदर्शक कागद,
मातीच्या वाटीत कोपालचा धूप,
कसल्याशा तेलाची इवलीशी बाटली.
पिवळ्यानं मन एका जागी बसतं, म्हणाल्या,
हिरव्यानं श्वास लांबतो, निळ्यानं झोप.
मी विचारलं, हे कुणी ठरवलं?
त्या थांबल्या. म्हणाल्या, खरं सांगू?
मलाही नक्की माहीत नाही.
तेव्हापासून मला त्या आवडतात.

पिवळा ठेवला पानावर.
अक्षरं पिवळी झाली आणि वळवळतच राहिली.
हिरवा ठेवला. शेवाळावर मुंग्या, तो म्हणाला.
निळ्याखाली खरंच झोपला,
पुस्तकावर गाल टेकून,
तोंडातून लाळ.

अंगणात माझं पातेलं चुलीवर होतं,
लोकरीच्या लडी लालात बुडालेल्या.
उठल्यावर तो तिकडेच गेला, नेहमीसारखा.
न विचारता दोन वाडगे भरून घेतले.
एकात लिंबू पिळलं : नारिंगी.
दुसऱ्यात चिमूटभर चुना : जांभळं.
किडा तोच, पाणी तेच.
दोनिया एर्मेलिंदा बघत उभ्या राहिल्या,
त्यांचा धूप विझला तरी.

आणि त्यानं पुस्तक ओढलं.
बे ला लिंबू, म्हणाला. दे ला चुना.
काडीला लोकर गुंडाळून
एकेका अक्षराच्या पोटात रंग भरत बसला,
जीभ बाहेर काढून.
कागद भिजला, फुगला, कोपऱ्यात फाटला.
सरकारी पुस्तक! मी ओरडणार होते.
दोनियांनी माझं मनगट धरलं.

पहिली ओळ. सात शब्द.
एका गाढवाबद्दल काहीतरी.
चुलीवरचं पाणी आटेपर्यंत वेळ लागला त्याला,
पण शेवटच्या शब्दापर्यंत गेला,
आणि वर बघून म्हणाला,
गाढव विहिरीत पडलं नाही, आई.
इतके दिवस मला वाटत होतं, पडलं.

पुढचं सांगते, लपवत नाही.
परीक्षेत लिंबू चालत नाही.
काळ्या शाईत तो पुन्हा नापास झाला.
पाऊस लांबला, बस बंद झाली,
पावसाळा सरेपर्यंत दोनिया आल्या नाहीत,
आणि त्या बाटलीतलं तेल माझ्या धाकटीनं
बाहुलीच्या केसांना लावून संपवलं.
सीमेपलीकडून बहीण फोनवर विचारते,
पोरगा बरा झाला का गं?
मी म्हणते, जेवतो नीट.

माझ्या नावाच्या संताच्या दिवशी
त्यानं मला एक वीतभर सतरंजी दिली,
मागच्या खोलीत, लहान मागावर विणलेली.
पांढऱ्यावर माझं नाव.
शेजारीण हसली. म्हणाली, इबालिया लिहिलंय,
एक अक्षर उलटं पडलं, उसवून घे.

मी जवळ जाऊन पाहिलं.
पोट उजवीकडे होतं खरं,
आकार बे चाच.
पण तेवढं एक अक्षर
जांभळं होतं.

उसवायचं कशाला,
मला वाचता येतंय.